उन्हाळा सुरू झाला आणि नवीन फुलझाडांनी एकेक करून माना टाकल्या, काय चुकतंय?

नवखी_माळीण

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, चुकीच्या धाग्यात टाकलं असेल तर सांभाळून घ्या.

माझ्याकडे साधारण १२ बाय १० फुटांची उघडी गच्ची आहे, सकाळी साडेनऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत सरळ ऊन. इतकी वर्षं तिथे फक्त कपडे वाळत घालायचो, यंदा ठरवलं की फुलांची बाग करायचीच आणि उत्साहाच्या भरात एकाच दिवशी रोपवाटिकेतून ११ रोपं उचलून आणली. २ मोगरे, २ जास्वंदी, २ गुलाब, ३ झेंडू आणि २ पिटुनिया. सगळी फुलांनी डवरलेली होती म्हणून तर घेतली ना! त्याच दिवशी दुपारी बसून सगळी मोठ्या काळ्या प्लास्टिकच्या कुंड्यांमध्ये हलवली, एका व्हिडिओत बघितलं होतं म्हणून तळाला चार बोटं खडी घातली, वर माती आणि कोकोपीट, आणि वाढीला जोर यावा म्हणून प्रत्येकीला मूठभर दाणेदार खत.

आज तीन आठवडे झाले. पिटुनिया तर आठ दिवसांतच गेल्या. मोगऱ्याची खालची पानं पिवळी पडून गळतायत, जास्वंदीला कळ्या येतात आणि उमलायच्या आधीच पटापट खाली पडतात, एका गुलाबाची फांदी टोकाकडून काळी पडत खाली येतेय. पाणी मी अगदी न चुकता सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळ घालते, आणि दुपारी बघावं तर सगळ्यांनी माना टाकलेल्या असतात म्हणून हल्ली दुपारीही एक एक मग घालते. तरी हे असं. अजून किती पाणी लागतं यांना?

दोन प्रश्न आहेत. आहेत ती झाडं वाचतील का? आणि आत्ता या उन्हात बियांपासून काही लावता येईल का की आता पावसाळ्याचीच वाट बघायची? संध्याकाळी गच्चीत खुर्ची टाकून फुलं बघत बसायचं एवढीच साधी इच्छा होती हो.

शेंडाखुड्या

ताई, आधी तीन गोष्टी सांगा मग उत्तर देतो. १) मातीत मधलं बोट दोन पेरं खुपसा, आत ओलं लागतं का कोरडं? २) दुपारी माना टाकलेली झाडं दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पाणी घालायच्या आधी कशी दिसतात? ३) कुंडीखाली ताटली आहे का आणि तिच्यात पाणी साचलेलं असतं का?

नवखी_माळीण

आत्ताच बघून आले. बोट आत अगदी चिखलात गेल्यासारखं गेलं, वास पण जरा कुबट येतोय. वरची माती मात्र कोरडी ठणठणीत दिसते म्हणून मला वाटायचं की पाणी कमी पडतंय. सकाळी झेंडू आणि जास्वंद टवटवीत असतात, मोगरे आणि तो एक गुलाब सकाळी पण मलूलच. ताटल्या आहेत, फरशी खराब होऊ नये म्हणून. पाणी असतंच त्यात.

शेंडाखुड्या

मग संपलं, सापडलं. तुमची झाडं तहानेने नाही, बुडून चाललीयत.

जरा सविस्तर लिहितो कारण उन्हाळ्याच्या सुरुवातीला दर वर्षी हाच प्रश्न येतो आणि मी स्वतः पहिल्या वर्षी असेच मोगरे मारलेत. भर उन्हात पानांतून पाणी जितक्या वेगाने उडतं तितक्या वेगाने मुळं ते वर पोचवू शकत नाहीत, माती ओलीचिंब असली तरीही. मग झाड पानं खाली सोडतं, त्याने उन्हाचा मारा कमी लागतो. ऊन उतरलं की आपोआप सरळ होतं. म्हणजे दुपारी माना टाकणं हा दरवेळी आजार नसतो. खरी परीक्षा सकाळची. रात्रभर गारव्यात राहून सुद्धा सकाळी झाड मलूल असेल तर दोनच शक्यता, माती खरोखर कोरडी आहे किंवा मुळं कुजलीयत. आणि हे दोन्ही वरून हुबेहूब सारखं दिसतं!! कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही म्हणून पाण्यात उभं असलेलं झाड तहानलेलं दिसतं, मग आपण अजून पाणी घालतो. कुबट वास म्हणजे आतल्या मातीत हवा उरली नाही. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते हे कोणी सांगतच नाही.

तर आत्ता करायचं काय. ताटल्या आजच काढा. मोगरे आणि तो गुलाब संध्याकाळी ऊन उतरल्यावर अलगद कुंडीतून काढून मुळं बघा. पांढरी किंवा फिकट, कडक असतील तर चांगली. तपकिरी, बुळबुळीत, ओढलं की साल निघून आत दोरा राहतो अशी असतील तर ती कापून टाका, जेवढी मुळं कापाल त्या मानाने वरच्या फांद्याही थोड्या कमी करा आणि नवीन, जास्त पाणी धरून न ठेवणाऱ्या मातीत, शक्यतो आधीपेक्षा लहान कुंडीत लावा. लहान का तर मोठ्या कुंडीत इवलंसं झाड असलं की त्याच्या मुळांनी न वापरलेली माती दिवसेंदिवस ओलीच राहते. मग ८-१० दिवस सावलीत. बाकीच्यांना काही करू नका, फक्त माती दोन पेरं कोरडी होईपर्यंत पाण्याला हात लावू नका. हे सगळ्यात अवघड आहे, मला माहितीय.

खडीबद्दल, ती काढा. तळाला खडी घातली की पाणी पटकन जातं हा फार जुना समज आहे आणि उलटा आहे. बारीक मातीतून पाणी जाड खडीत सहजी उतरत नाही, वरच्या मातीतच अडून बसतं, म्हणजे तुम्ही चिखलाचा थर मुळांच्या अजून जवळ आणून ठेवलात. भोकावर खापरीचा एक तुकडा किंवा जाळीचा तुकडा पुरे.

आणि मूठभर दाणेदार खत! नवीन हलवलेल्या झाडाला, उन्हाळ्यात! मुळं अजून मातीला लागली नाहीत तोवर खत म्हणजे मीठ, ते उलट मुळांतलं पाणी बाहेर खेचतं. पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी झाल्या असतील बघा. वर दाणे दिसत असतील ते खरवडून काढा. ज्या कुंड्यांचं भोक नीट वाहतंय त्यांना एकदाच कुंडीच्या दुप्पट पाणी हळूहळू ओतून ते धुवून जाऊ द्या आणि मग परत कोरडी होईपर्यंत थांबा. महिनाभर खत विसरा.

चिमूटभर_माती

वरच्यांशी सहमत. काळ्या कुंड्यांचं कोणी बोललं नाही अजून. ताई, दुपारी तीनला त्या कुंडीच्या पश्चिमेकडच्या बाजूला हात लावून बघा, लागणार नाही. ३८-४० अंशांच्या वर माती गेली की बहुतेक फुलझाडांची मुळं वाढायचीच थांबतात, आणि काळं प्लास्टिक उन्हात हे तापमान सहज ओलांडतं. बाहेरच्या बाजूची सगळी कोवळी मुळं उकडून निघतात. मातीच्या कुंडीतून पाणी झिरपून उडतं म्हणून ती गार राहते, अर्थात पाणी लवकर संपतं तिच्यात हेही लक्षात ठेवा. लगेच सगळ्या बदलायला सांगत नाही. कुंड्यांना गोणपाट गुंडाळा, नाहीतर जुनं पांढरं कापड. सगळ्या एकमेकींना चिकटून ठेवा म्हणजे आतल्यांना बाहेरच्यांची सावली मिळते, आणि थेट फरशीवर नको, विटांवर किंवा फळीवर चढवा. उघड्या गच्चीची फरशी रात्री नऊपर्यंत गरम असते.

आणि नळी! उन्हात पडलेल्या नळीतलं पहिलं पाणी चहाच्या आधणासारखं येतं. ते बाजूला सोडून द्या, गार लागलं की मग झाडांना. मी एकदा झेंडूची आख्खी रांग अशी उकडलीय.

फुलवेडा_७

एक राहिलं, दुपारी अजिबात पाणी घालू नका, पानांवर पडलेले थेंब भिंगासारखं काम करतात आणि पानं जळतात. आमच्याकडे सगळे हेच सांगतात.

पानोपानी

फुलवेडा, हे मीही लहानपणापासून ऐकलंय पण बहुतांशी खरं नाहीये. २०१० मध्ये हंगेरीतल्या संशोधकांनी हे रीतसर तपासलं होतं, गुळगुळीत पानावरच्या थेंबांनी पान जळत नाही कारण थेंब पानाला चिकटून असतो आणि किरण एकवटायची जागा पानाच्या पार पलीकडे जाते. लव असलेल्या पानांवर मात्र थेंब लवेच्या टोकांवर उचलून धरला जातो तिथे भाजण्याची शक्यता सापडली, पण तसा थेंब घरंगळून पडतो किंवा आधीच उडून जातो. तेव्हा दुपारी पाणी नको याची कारणं वेगळी आहेत, बरंचसं वरच्यावर उडून जातं आणि तापलेल्या नळीचं पाणी. पण एखादं झाड खरंच कोरडं पडून मरायला टेकलं असेल तर बारा वाजता सुद्धा द्या, संध्याकाळची वाट बघू नका.

सकाळी लवकर दिलेलं सगळ्यात चांगलं. संध्याकाळीही चालतं पण मग बुंध्याशी द्यायचं, पानं रात्रभर ओली राहिली की बुरशी आलीच. आणि द्यायचं तर भोकातून बाहेर येईपर्यंत पोटभर द्यायचं, रोज एक एक मग वरवर शिंपडलं की मुळं वरच्या दोन इंचातच राहतात आणि तीच जागा पहिली तापते. कुंडी उचलून बघायची सवय लावून घ्या, पाणी घातल्यावरचं वजन आणि कोरडी झाल्यावरचं वजन हाताला आठ दिवसांत कळायला लागतं, मग बोट पण घालावं लागत नाही.

फुलवेडा_७

हो का. बरं. मी तरी नाही घालणार दुपारी 😄

रानफूल

ताई तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही म्हणून मी येते, कारण माझं मत असं की तुम्ही झाडं चुकीची नाही निवडलीत तेवढी वेळ चुकीची निवडलीत. फुलांनी डवरलेलं रोप म्हणजे सगळी ताकद फुलात घालवून बसलेलं रोप, त्यात ते रोपवाटिकेत जाळीच्या सावलीत वाढलेलं, आणि तुम्ही ते एका दुपारी उघड्या गच्चीवर नेलंत. पुढच्या वेळी कमी फुलांचं, ठेंगणं, फुटवे जास्त असलेलं रोप घ्या आणि पहिले ७-१० दिवस सावलीतून हळूहळू उन्हात सरकवा, आधी फक्त सकाळचं दोन तास, मग चार. आलेली फुलं-कळ्या लावताना खुडून टाका, जीवावर येतं पण टाका. पिटुनियाचं दुःख करू नका, ती गार हवेची, ऊन तापलं की तिचा मुक्काम संपलाच होता, विकणाऱ्याने ते सांगायला हवं होतं एवढंच.

आता बिया. पावसाळ्याची वाट कशाला बघायची, उलट उष्ण मातीत रुजणाऱ्या बियांसाठी हा फार छान काळ आहे! पहिला नंबर झिनिया. माती गरम असली की ४ ते ७ दिवसांत उगवते, दीड-दोन महिन्यांत फूल, आणि तोडाल तेवढी जास्त येते. मूळची मेक्सिकोची आहे, उन्हाला घाबरत नाही. तिला हलवलेलं फारसं आवडत नाही म्हणून जिथे वाढवायची तिथेच अर्धा सेंटीमीटर खोल पेरा, रोपांत वीतभर अंतर ठेवा. अंतर का तर दाटी झाली की पानांवर भुरी येते, पिठासारखे पांढरे डाग. रोप वीतभर झालं, तीन-चार पानांच्या जोड्या आल्या की शेंडा खुडा. इथे शेंडाखुड्या दादांचं नाव घेतेच.

दुसरी सदाफुली. मादागास्करची. हिच्यापासून रक्ताच्या कर्करोगावरची औषधं निघाली म्हणून लोक हिची पानं चावायला लागतात ते मात्र करू नका, झाड विषारी आहे. हिला ऊन कितीही चालतं, न चालणारी एकच गोष्ट म्हणजे ओले पाय, म्हणून तुम्ही पाण्याचा हात आवरायला शिकलात की मगच लावा 😀 हिची बी अंधारात रुजते, पेरून वर पातळ मातीचा थर द्यायलाच हवा आणि ट्रे झाकून ठेवा. उलट पोर्टुलाका, म्हणजे ज्याला काही जण चिनी गुलाब म्हणतात, त्याची बी धुळीसारखी असते आणि तिला उजेड लागतो, ती नुसती मातीवर भुरभुरायची. खरं तर तिच्या बियांच्या भानगडीत पडूच नका, कोणाकडून तरी बोटभर काडी आणा आणि खोचा, आठ-दहा दिवसांत जीव धरते. मांसल पानांत पाणी साठवते म्हणून एखाद दिवस विसरलात तरी रुसत नाही.

पण एक सांगते, पोर्टुलाका सकाळी ऊन चढलं की उमलते आणि दुपार टळली की मिटते. तुम्ही म्हणताय संध्याकाळी खुर्ची टाकून बसायचंय, मग तुमची मैत्रीण गुलबक्षी. दुपारी चारच्या सुमारास उमलते, वास येतो, आणि सकाळी मिटते. मिऱ्यासारखी काळी टणक बी, रात्रभर भिजवून एक इंच खोल टोचा. एकाच झाडावर कधी दोन रंगांची फुलं येतात, कधी एकाच फुलात अर्धा पिवळा अर्धा गुलाबी. आनुवंशिकतेवरचे फार महत्त्वाचे प्रयोग कोरेन्स नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने याच झाडावर केले, १९०९ मध्ये त्याने दाखवलं की पानांवरच्या ठिपक्यांचा गुण फक्त मातेकडून पुढे जातो. असो, माझं असंच वाहवत जातं. तिला जमिनीखाली गड्डा धरतो, वरून वाळली तरी पुन्हा फुटते. फक्त बिया लहान मुलं आणि घरातल्या प्राण्यांपासून लांब ठेवा, विषारी असतात.

कॉसमॉस लावणार असाल तर पिवळा-केशरी घ्या, उन्हात तोच जास्त टिकतो, आणि त्याला खत देऊ नका, दिलंत तर माणसाएवढा वाढेल आणि नुसतीच पानं देईल.

चिमूटभर_माती

सूर्यफूल राहिलं की! सरळ जागेवर पेरा, त्याचं सोटमूळ असतं, हलवलेलं सहन होत नाही. कुंडी खोल हवी. आणि एक गंमत, सगळे म्हणतात सूर्यफूल सूर्याकडे वळतं, ते फक्त कोवळं असताना. पूर्ण फुललं की तोंड पूर्वेला करून कायमचं थांबतं. २०१६ मध्ये यावर संशोधन पण आलं, पूर्वेकडे तोंड असलेली फुलं सकाळी लवकर गरम होतात आणि मधमाश्या तिथे जास्त येतात. तर कुंड्या ठेवताना खुर्चीचा विचार करा, नाहीतर पूर्वेच्या कठड्याला लावाल आणि रोज संध्याकाळी त्यांची पाठ बघत बसाल. मी बसलोय एक सीझन.

काटेरी

गुलाब आणि मोगऱ्यावर मी लिहितो, बाकी लोकांनी छान सांगितलंय.

टोकाकडून काळी पडत येणारी फांदी म्हणजे डायबॅक. काळ्याच्या खाली निरोगी हिरव्या भागात दोन बोटं जाऊन, डोळ्याच्या जरा वर, तिरका काप द्या. कापलेला गाभा पांढरट-हिरवट दिसला पाहिजे, तपकिरी दिसला तर अजून खाली जा. प्रत्येक कापानंतर कात्री स्पिरिटने पुसा, हे आळस न करता. पण याच्या पलीकडे उन्हाळ्यात गुलाबाची छाटणी करू नका, लोक उत्साहात बुंध्यापर्यंत कापतात, मग खोडाला सावली द्यायला पानंच उरत नाहीत आणि खोड भाजतं. वाळलेलं फूल मात्र लगेच काढा, खाली फळ धरलं की झाडाला वाटतं काम झालं. कलमाच्या जोडाच्या खालून फुटवा आला तर तो मुळापासून ओढून काढायचा, तो जंगली खुंटाचा असतो. सात पानांची डहाळी म्हणजे जंगली असं बरेच जण सांगतात पण ती खूण भरवशाची नाही, चांगल्या गुलाबांनाही सात पानं येतात. फुटवा कुठून निघालाय तेच बघायचं.

मोगरा सावरला की त्याला भरपूर ऊन द्या, निदान पाच-सहा तास. तो नवीन फुटीवर फुलतो. बहर संपला की प्रत्येक फांदीचं टोक चार बोटं कापायचं, तिथून दोन फुटतात. नुसती हिरवीगार पानं आणि कळी नाही असं झालं तर समजायचं नत्र जास्त झालं किंवा ऊन कमी पडलं.

जास्वंदीच्या गळालेल्या कळ्या उचलून नखाने चिरून बघा. आत बारीक अळ्या वळवळताना दिसल्या तर ती कळीमाशी. माशी कळीत अंडी घालते, कळी पडते, अळी मातीत शिरते आणि पुन्हा माशी. औषधापेक्षा महत्त्वाचं म्हणजे रोजच्या रोज गळालेल्या कळ्या गोळा करून पिशवीत बांधून टाकणं, कंपोस्टमध्ये अजिबात नाही. आत काहीच नसेल तर मग पाण्याचा चढउतार किंवा फुलकिडे.

पानोपानी

झेंडूवर लक्ष ठेवा सध्या. गरम कोरडी हवा म्हणजे लाल कोळ्याची चैन, आठवड्याभरात त्याची नवीन पिढी तयार होते. पान वरून फिकट ठिपक्याठिपक्यांचं दिसायला लागलं की खाली पांढरा कागद धरून फांदी झटका, मिरपुडीसारखे ठिपके चालायला लागले तर तोच. जाळी धरायच्या आधी सकाळी पानांच्या खालून जोरात पाण्याचा फवारा दोन-तीन दिवस मारा, निम्मं काम तिथेच होतं. नाही भागलं तर नीमतेल, लिटरला ५ मिली आणि थेंबभर लिक्विड साबण, आधी एका फांदीवर करून बघा, आणि मारायचं ते संध्याकाळीच, भर उन्हात तेलाने पानं भाजतात आणि मधमाश्याही हिंडत असतात.

आणि मातीवर आच्छादन घाला हो, वाळका पाला दोन-तीन इंच, फक्त बुंध्यापासून दोन बोटं लांब. नुसत्या त्याने पाण्याच्या फेऱ्या कमी होतात. पण आधी माती नीट वाळू द्या, आत्ता घातलात तर चिखलावर पांघरूण घातल्यासारखं होईल.

नवखी_माळीण

तीन आठवड्यांनी परत आले. सगळ्यांना एकेकाला उत्तर द्यायचं होतं पण आधी करून बघावं म्हटलं.

मोगरे काढले तेव्हा खालची निम्मी मुळं अक्षरशः हातात आली, वास विचारूच नका. कापली, छोट्या मातीच्या कुंडीत लावले, जिन्याखालच्या सावलीत ठेवले. पहिले दहा दिवस काहीच नाही, मी रोज पाण्याचा मग घेऊन जायची आणि परत यायची. मग एकाला पेराजवळ बारीक हिरवं टोक दिसलं, आता पाच फुटवे आहेत. दुसऱ्याची अजून खात्री नाही, नखाने साल खरवडली तर आत हिरवं आहे म्हणून ठेवलाय. काळा पडणारा गुलाब गेला, कापत कापत जोडापर्यंत आले तरी आत तपकिरीच. दुसरा बरा आहे.

काटेरी, जास्वंदीच्या कळ्या चिरल्या आणि सात-आठ अळ्या निघाल्या, मी किंचाळले. तेव्हापासून रोज सकाळी झाडलोट चालू आहे. अजून पडतात पण काल पहिल्यांदा दोन कळ्या पूर्ण उमलल्या.

काळ्या कुंड्यांना जुनी चादर गुंडाळलीय, गच्ची दवाखान्यासारखी दिसते. पाणी आता एकदाच, सकाळी, तेही वजन बघून. झेंडू अजूनही दुपारी माना टाकतात, मी त्यांच्याकडे बघतच नाही.

झिनिया पाचव्या दिवशी उगवली! दहा पेरल्या, आठ आल्या, दोन मुंग्यांनी नेल्या की काय झालं कळलं नाही, सहा आहेत. सदाफुली आलीच नाही, रानफूल ताईंनी झाकायला सांगितलेलं विसरून ट्रे उजेडात ठेवला होता, परत पेरलीय. गुलबक्षी चारही आल्या. सूर्यफुलं पश्चिमेच्या कठड्याला, खुर्चीकडे तोंड करून 😄

आता प्रश्न असा की झिनिया वीतभर झालीय आणि एकीला मधोमध इवलीशी कळी दिसतेय. शेंडा खुडायलाच हवा का? पहिलीच कळी आहे हो.

शेंडाखुड्या

खुडा. चौथ्या पानाच्या जोडीच्या वर, नखाने. पंधरा दिवस फुलं उशिरा येतील पण एकाऐवजी चार-सहा फांद्या येतील. आज संध्याकाळीच, उद्यावर टाकलंत तर नाही करणार.

रानफूल

मी माझ्या पहिल्या वर्षी कळीसकट सोडलेली, एकच दांडा कमरेएवढा वाढला आणि वाऱ्याने आडवा झाला. खुडा.

नवखी_माळीण

खुडले, सहाच्या सहा. कळीवाला शेंडा टाकवेना म्हणून वाटीत पाणी घालून खिडकीत ठेवलाय.